व्लादेताचा खड्डा आणि पाच व्होल्ट

खड्डा एकच खणायचा होता. तोही काही किल्ल्याभोवतीचा खंदक नव्हता. माणूसभर खोल, खाटेहून थोडा लांब, आणि ज्या कामासाठी तो हवा होता त्याचा विषय पाहुण्यांसमोर काढू नये असा. व्लादेता स्तामातोविचच्या बायकोचं माहेरचं घर वर डोंगरात, लेस्का नावाच्या वस्तीत होतं. घर ऐसपैस, हवा उत्तम, पण संडास आलुबुखारच्या झाडांपलीकडे. आणि वेरित्साची थोरली बहीण ऑस्ट्रियातल्या ग्राट्सहून महिनाभर राहायला यायची होती. "हातात बॅटरी घेऊन झाडं ओलांडत जायचं माझं वय राहिलेलं नाही," असं तिने फोनवर सांगून टाकलं होतं. म्हणून घरात बाथरूम झालं. त्याला फरशा लागल्या, आरसा लागला, टॉवेल टांगायला पितळी कडी लागली. तिथून जे बाहेर पडेल ते जाणार कुठे, एवढाच किरकोळ प्रश्न राहिला होता.

"एका सकाळचं काम आहे," व्लादेता म्हणाला.

व्लादेता असं म्हणाला की वेरित्सा कॉफीचं भांडं जरा मोठं चढवायची. एका सकाळच्या कामाला लोक किती जमतात हे तिला लग्नापासून माहीत होतं.

व्लादेता वजनमापं खात्यात निरीक्षक होता. बाजारातले काटे, पेट्रोलपंपाचे मीटर, टायरवाल्यांचे हवेचे गेज, सगळं तपासायचं आणि बरोबर असेल तर शिशाचं सील ठोकायचं, हे त्याचं काम. आयुष्यभर खोटं बोलणारी उपकरणं पकडल्यामुळे त्याच्या स्वभावात एक प्रकारचा ताठा आला होता. डॉक्टरसमोर बाही वर करण्याआधी तो रक्तदाबाच्या यंत्रावरची तपासणीची तारीख वाचत असे. गावात डॉक्टर तीन होते, आणि तिघांनीही त्याला एकमेकांकडे पाठवून झालं होतं. रविवारीसुद्धा तो टाय लावायचा. खड्डा खणायचा होता त्या दिवशीही त्याने टाय लावला होता. खणणार तो नव्हताच म्हणा. खणणार होता त्याचा मेहुणा राडिशा.

राडिशाकडे खोदायचं मशीन होतं. पुढे मोठं सूप, मागे लांब हात आणि हाताच्या दोन्ही अंगांना जमिनीत रुतवायचे दोन लोखंडी पाय. ऑस्ट्रियात कुणीतरी दहा वर्षं वापरून झाल्यावर राडिशाने ते आणलं होतं आणि तेव्हापासून तो त्याच्याविषयी दुसऱ्या बायकोविषयी बोलावं तसं बोलायचा. म्हणजे कौतुकाने, पण खात्री नसल्यासारखं.

सकाळी मशीन आलं. अंगणात शिरेना, कारण फाटकापाशी सासऱ्यांनी लावलेलं अक्रोडाचं झाड होतं आणि त्याला हात लावायला वेरित्साची परवानगी नव्हती.

"दाजी, काळजी नको," राडिशा म्हणाला. "गल्लीतच उभं करतो. कुंपणावरून हात आत घालतो. पाच मिनिटांत पहिला ढिगारा."

लेस्कातली गल्ली म्हणजे एका बाजूला घरांचे दगडी बांध आणि दुसऱ्या बाजूला उतार. तिथून एका वेळी एकच ट्रॅक्टर जातो, आणि समोरून दुसरा आला तर ज्याचा आवाज मोठा त्याने पुढे जायचं असा नियम. राडिशाने मशीन आडवं लावलं, दोन्ही पाय खाली टेकवले, मागची चाकं जमिनीपासून उचलली गेली, हात कुंपणावरून आत गेला. पहिला घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला इंजिनाचा आवाज एकदम बसला. काचेमागे पिवळा दिवा लागला.

"हे कधीमधी करतं," राडिशा म्हणाला. "बंद करून पुन्हा चालू केलं की विसरतं."

त्याने बंद केलं. पुन्हा चालू केलं. स्टार्टर घरघरला, इंजिन काही बोललं नाही. पुन्हा घरघर. दिवा लाल झाला. राडिशा टोपी काढून आत बसून राहिला, आणि माणूस टोपी काढतो तेव्हा प्रकरण गंभीर असतं हे व्लादेताला कळलं.

आता परिस्थिती अशी होती. इंजिन बंद म्हणजे पाय उचलणाऱ्या तेलाला दाब नाही, दाब नाही म्हणजे पाय उचलत नाहीत, पाय उचलत नाहीत म्हणजे मशीन ओढताही येत नाही आणि ढकलताही येत नाही. ते लेस्काच्या एकुलत्या एका गल्लीत पाय रोवून उभं होतं. आणि दिवस होते रासबेरीच्या तोडणीचे.

हे व्लादेताच्या लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण एका सकाळच्या कामाचा रासबेरीशी काय संबंध, असं त्याला वाटलं होतं.

पहिला सल्ला घेऊन मिलुतीनकाका आले. शेजारचं घर त्यांचं. चाळीस वर्षं त्यांनी एसटीसारखी जिल्ह्याची बस चालवली होती, आणि येताना स्वतःचं तिपाई स्टूल घेऊन आले, म्हणजे ते लवकर जाणार नव्हते.

"फिल्टर," मिलुतीनकाका स्टूल टेकवत म्हणाले.

"काका, अजून तुम्ही पाहिलं कुठे?"

"पाहायचं कशाला? माझ्या बसचं जे जे बिघडलं ते फिल्टरनेच. एकदा तर ब्रेक गेला होता. तोही फिल्टर."

त्यांच्या मागोमाग दोघे आले त्यांचं म्हणणं बॅटरी. बॅटरी जोरात स्टार्टर फिरवत असताना तिला दोष का द्यावा, हे व्लादेताने समजावलं. ते म्हणाले, आमच्या जीपचा स्टार्टरही असाच फिरायचा आणि शेवटी बॅटरीच निघाली. मग कुणीतरी म्हणालं, डिझेलमध्ये पाणी असेल. मग पाणी डिझेलमध्ये कसं शिरतं यावर दोन गट पडले. वेरित्साने कॉफीचं मोठं भांडं बाहेर आणलं.  

तेवढ्यात वरच्या वळणावर ट्रॅक्टर थांबला. ट्रॉलीत पेट्यांवर पेट्या, त्यावर ओलं पांढरं कापड. ट्रॅक्टरवरून रबरी बूट घातलेली द्रागिन्या उतरली. लेस्कातला सगळ्यात मोठा मळा तिचा, आणि आवाजही त्याच मापाचा.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"मशीन," राडिशा म्हणाला.

"ते मला दिसतंय. ते माझ्या रस्त्यात काय आहे?"

"तात्पुरतं आहे, द्रागिन्या," व्लादेता पुढे झाला. "तांत्रिक अडचण आहे. दूर होईल."

"इन्स्पेक्टर, माझ्या रासबेरीला तांत्रिक अडचण कळत नाही. तिला ऊन कळतं. दुपारी खाली शीतगृहात गेली तर रासबेरी, नाही गेली तर रस. मागच्या डोंगरातला रस्ता वसंतातल्या पुरात वाहून गेलाय, नाहीतर मी तुझ्या टायकडे बघत इथे उभी राहिले नसते."

तिच्या मागे आणखी दोन ट्रॅक्टर येऊन थांबले. व्लादेताने टाय सरळ केला.  पेट्रोलपंपाचा मालक कितीही ओरडला तरी आपण माप पुरं होईपर्यंत बोलायचं नाही, ही त्याची जुनी सवय.

"कंपनीला फोन करू," तो म्हणाला.

मशीनच्या सेवा केंद्राने फोन उचलला तेव्हा आधी बराच वेळ संगीत वाजलं. मग एक अतिशय गोड आवाजाची मुलगी आली. तिला मशीनचा क्रमांक हवा होता. क्रमांकाची पट्टी होती मशीनच्या पोटाखाली, जिथे आता बांध होता. व्लादेताने बांधावर आडवं पडून, आरशाने, उलटा क्रमांक वाचला.

"धन्यवाद," मुलगी म्हणाली. "आमचा माणूस जागेवर येऊ शकतो. फक्त मशीन सार्वजनिक रस्त्यावर नको. ते सुरक्षित जागी हलवून ठेवा."

"बाई, ते हलत नाही म्हणून तर बोलावतोय."

"हलत नाही का? मग ते ओढून आणण्याच्या विभागाकडे जाईल."

"द्या त्यांना."

"त्यांची अट आहे की मशीनचे पाय उचललेले हवेत."

व्लादेताने फोन अंगापासून लांब धरला आणि त्याच्याकडे नुसतं बघितलं. स्वतः सरकारी नोकरीत असल्यामुळे चांगल्या नियमाची त्याला कदर होती, आणि हा नियम खरोखर उत्तम होता. कुठूनही आत शिरायला जागा नव्हती.

मग खालून पायी पायी नगरपालिकेचा झ्लातोमिर आला. रस्त्यांवरच्या अतिक्रमणांचा निरीक्षक. व्लादेताच्याच इमारतीत, वरच्या मजल्यावर बसायचा, आणि कॅन्टीनमध्ये त्याच्या ताटातली मिरची उचलायचा. खाली रुंद वळणावर त्याने गाडी लावली होती, आणि त्याच्या गाडीच्या मागे मजा बघायला आलेल्या आणखी चार गाड्या लागल्या होत्या.

"व्लादेता, मला वाईट वाटतंय," झ्लातोमिर म्हणाला. त्याच्या तोंडावर तसं काही दिसत नव्हतं. "सार्वजनिक मार्ग तात्पुरता व्यापण्याचा परवाना आहे?"

"एका सकाळच्या कामाला परवाना?"

"दुपार झालीय." त्याने फोनवर जमिनीचा नकाशा काढला, बोटांनी मोठा केला, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "थांब. ही गल्ली इथे रस्ता म्हणून नाहीच. ही ओढा म्हणून नोंदलेली आहे."

"ओढा?" द्रागिन्या ओरडली. "माझा आजा या ओढ्यातून बैलगाडी न्यायचा!"

"त्याला मी काय करू? ओढा अडवला तर ते माझ्याकडे येत नाही. ते जलसंपदाकडे जातं." झ्लातोमिर मोकळा झाल्यासारखा कॉफीकडे वळला. "मी आता इथे फक्त माणूस म्हणून आहे. फिल्टर बघितलात का?"

"शाबास!" मिलुतीनकाका स्टुलावरून म्हणाले.

व्लादेता मशीनपाशी गेला. राडिशा एका छोट्या उपकरणावर इंजिनाचे बिघाड वाचत होता. बाजारात मिळणारं, फोनएवढं, तारेने मशीनला जोडायचं.

"काय म्हणतंय?"

"हवेच्या दाबाचा सेन्सर खराब म्हणतंय, दाजी. नेहमीचंच आहे." राडिशाने सीटखालून एक कापडी पिशवी काढली आणि उलटी केली. अंगठ्याएवढे तीन सेन्सर आसनावर पडले. "हे सगळे मी याच वर्षी काढले. नवा लावला की थोडे दिवस बरं चालतं, मग पुन्हा तेच."

"तिन्ही एकाच जागचे?"

"एकाच."

व्लादेताने तिन्ही सेन्सर तळहातावर घेतले. आणि त्या क्षणी, दोन तासांत पहिल्यांदाच, त्याला आपण आपल्या घरात आल्यासारखं वाटलं. इंजिनातलं त्याला काही कळत नव्हतं. पण सेन्सर म्हणजे काय? मोजायचं उपकरण. आणि खोटं बोलणारं मोजायचं उपकरण म्हणजे त्याचं नेहमीचं गिऱ्हाईक.

"राडिशा," तो हळूच म्हणाला, "एका दुकानातले तीन काटे एकाच पद्धतीने चुकायला लागले, तर मी काट्यांना हात लावत नाही. ज्या टेबलावर ते ठेवलेत ते टेबल वाकडं असतं. अजून काय म्हणतंय ते उपकरण? सगळं वाच."

"पुढचं मी कधी वाचत नाही. पहिलाच बिघाड खरा असतो."

"वाच."

राडिशाने वाचलं. हवेच्या दाबाचा सेन्सर खराब. डिझेलच्या दाबाचा सेन्सर खराब. इंजिनातल्या तेलाच्या दाबाचाही.

"बघा," मिलुतीनकाका म्हणाले. "सगळंच गेलं. एवढं सगळं एकदम फक्त फिल्टरच घालवू शकतो."

"सगळे एकदम मरत नाहीत, काका," व्लादेता म्हणाला. "सगळ्यांना एकाच ठिकाणाहून काहीतरी मिळत असणार आणि ते मिळेनासं झालंय. राडिशा, या मशीनचं पुस्तक आहे?"

पुस्तक होतं. जाडजूड, तेलकट आणि जर्मन.

वेरित्सा खालच्या गावात शाळेत जर्मन शिकवायची. तिने हात पुसले, चष्मा लावला आणि कॉफीच्या भांड्याशेजारी पुस्तक उघडलं. ती वाचायला लागल्यावर सगळे गप्प झाले, कारण एका शब्दालाच तिला अर्धी ओळ लागत होती.

"इथे आहे," ती शेवटी म्हणाली. "इंजिनाचा कॉम्प्युटर दाब मोजणाऱ्या सगळ्या सेन्सरांना मिळून एकच वीज देतो. पाच व्होल्ट. एकाच तारेने. त्यातल्या एकात आतल्या आत शॉर्ट झाला तर सगळ्यांची वीज खाली बसते, आणि कॉम्प्युटरला वाटतं सगळेच खराब. आणि चालकाला..." तिने पान उलटलं, "...चालकाला इंजिन चालू करू देत नाही."

"म्हणजे एक चोर आणि बाकी सगळ्यांवर आळ," द्रागिन्या म्हणाली.

"अगदी बरोबर," व्लादेता म्हणाला. तिने इतकं अचूक बोलावं याचं त्याला आश्चर्य वाटलं. "माझी पेटी आण, वेरित्सा."

पेटी म्हणजे खात्याची. त्यात मीटर, गेज, नळ्या, जोडण्या, प्रत्येकाला आपापला खोबणीतला बिछाना. मीटरवर या वर्षाच्या तपासणीचा शिक्का होता. तो शिक्का व्लादेताने आधी झ्लातोमिरला दाखवला. गरज नव्हती, पण दाखवला.

हवेच्या दाबाच्या सेन्सरचा प्लग काढला. किल्ली फिरवून दिवे लावले, इंजिन बंदच. प्लगमध्ये मीटरची टोकं घातली. पाच असायला हवे होते. एकसुद्धा पूर्ण नव्हता.

"हेच टेबल," व्लादेता म्हणाला. "आणि हेच वाकडं. वेरित्सा, हे मीटर धर. आकडा हलला की ओरड. आता एकेकाला बाजूला काढू. ज्याला काढल्यावर पाच येतील, तो चोर."

लोकांनी कॉफी खाली ठेवली. द्रागिन्याने मळ्यातल्या बायकांना कापडावर पाणी शिंपडत राहायला सांगितलं आणि स्वतः बांधावर चढून बसली. राडिशाने डिझेलच्या सेन्सरचा प्लग काढला.

"काही नाही," वेरित्सा म्हणाली.

"मी म्हटलं होतं तो नाही," मिलुतीनकाका म्हणाले. त्यांनी तसं म्हटल्याचं कुणालाच आठवत नव्हतं.

राहिला तेलाचा. तो होता इंजिनाच्या पोटाशी, चेसिसच्या आत. राडिशा गुडघ्यावर बसला, आत डोकं घातलं आणि पोटापाशी अडकला. त्याला तिघांनी ओढून बाहेर काढलं. सगळ्यांनी एकमेकांच्या पोटांकडे पाहिलं आणि मग व्लादेताकडे. डोंगरातली कयमाकची साय आणि राकियाची दारू ज्याच्या अंगी लागली नव्हती असा तिथे तोच एक होता.

"टाय काढ," वेरित्सा म्हणाली.

"दोन मिनिटांचं काम आहे," व्लादेता म्हणाला, आणि टायसकट आत गेला.

आत काय झालं ते बाहेरच्यांना फक्त ऐकू आलं. आधी "दिसला" असं. मग "हात पोहोचत नाही." मग थोडा वेळ निव्वळ श्वास. मग निरीक्षकाच्या तोंडी न शोभणारा एक शब्द, आणि मग काहीतरी टचकन सुटल्याचा आवाज.

"पाच!" वेरित्सा किंचाळली. "व्लादेता, पाच! चार दशांश नऊ आठ!"

"म्हणजे पाच!" आतून आवाज आला. "त्याच्या प्लगमध्ये तेल शिरलंय! तेच तेल माझ्या डोळ्यातही शिरलंय!"

टाळ्या वाजल्या. व्लादेता बाहेर आला तेव्हा शर्ट त्याच्या अंगावर होता, पण पांढरा नव्हता. कपाळावरून एक काळा ओघळ नाकाच्या शेंड्यापर्यंत आला होता. त्याने तो रुबाबात पुसला आणि गालभर पसरवला.

"चला, सुरू कर!" द्रागिन्या राडिशावर ओरडली.

"नाही," व्लादेता म्हणाला.

किल्लीकडे गेलेला राडिशाचा हात मागे आला.

"तेलाच्या सेन्सरचा प्लग आपण काढून टाकलाय. इंजिनात तेलाचा दाब आहे की नाही हे आता कुणीच सांगणार नाही. दाब नसताना इंजिन चालवलं तर राडिशाचं इंजिन जाईल आणि मशीन इथेच राहील. पुढच्या वर्षीच्या रासबेरीपर्यंत."

"अरे, पण आत्तापर्यंत होता ना दाब!" द्रागिन्या कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "इन्स्पेक्टर, बघ माझ्या पेट्यांकडे. रस गळायला लागलाय. तुझं शास्त्र मला कळतं, पण माझा माल मरतोय."

"मला माहीत आहे." व्लादेताने तिच्याकडे पाहिलं. इतका वेळ तो तिला एक आवाज समजत होता. आता त्याला तिच्या बोटांवरचे लाल डाग दिसले. "मला माहीत आहे," तो पुन्हा म्हणाला, जरा मऊ. "म्हणूनच मी अंदाजाने चालू करणार नाही. ज्याचं आपण माप घेत नाही त्यावर मी तुझी रासबेरी ठेवणार नाही. दहा मिनिटं दे."

 द्रागिन्या मान वळवून बायकांकडे ओरडली, "पाणी शिंपडा गं! थांबलात कशाला?" ती परवानगी होती.

पेटीत दाब मोजायचा गेज होता, तबकडीचा, पितळी काठाचा. हवेच्या कॉम्प्रेसरांसाठी व्लादेता तो वापरायचा. त्याला लांब रबरी नळी होती आणि नळीच्या टोकाला लावायच्या वेगवेगळ्या आट्यांच्या जोडण्यांचा डबा होता. व्लादेता पुन्हा आत शिरला. सेन्सर फिरवून काढला. त्याच्या जागी पहिली जोडणी बसेना, दुसरी सैल, तिसरी बसली. नळी वर आली, गेज व्लादेताच्या हातात. राडिशाने बाकीचे दोन प्लग परत लावले आणि किल्ली फिरवली.

स्टार्टर घरघरला. इंजिन खोकलं. आणि मग त्याने असा आवाज केला की लेस्कातले सगळे कुत्रे एकदम उठले. मशीनच्या आतून एक भोंगाही ओरडायला लागला, कारण तेलाचा सेन्सर नाही ही तक्रार कॉम्प्युटर सोडणार नव्हता. गेजचा काटा उठला, थरथरला, स्थिर झाला.

"साडेतीन!" व्लादेता ओरडला. "दाब साडेतीन, पुरेसा आहे! उचल पाय!"

पाय उचलले गेले. हात कुंपणावरून मागे आला. लोकांनी टोप्या उडवल्या. मिलुतीनकाकांनी स्टूल उचलून डोक्यावर धरलं.

"खाली रुंद वळणावर बाजूला घे," व्लादेता म्हणाला, आणि पायरीवर चढून उभा राहिला. नळी राडिशाच्या सीटपर्यंत पोहोचत नव्हती, त्यामुळे गेज वाचायचा तर मशीनबरोबरच जायला हवं होतं. एका हाताने मशीनचा बाजूचा आरसा धरलेला, दुसऱ्या हातात गेज. राडिशाला गेज दिसत नव्हता आणि भोंग्यामुळे ऐकूही येत नव्हतं, म्हणून आकडा ओरडूनच सांगावा लागत होता. "तीन! साडेतीन! तीन!"

रुंद वळणावर झ्लातोमिरची गाडी होती. तिच्यामागे बघ्यांच्या चार गाड्या. त्यांचे मालक सगळे वर, मागे, टाळ्या वाजवत चालत येत होते.

"कुठे घेऊ?" राडिशाने खिडकीतून विचारलं.

"खाली चल! थांबू नको! सव्वातीन!"

आणि अशी ती मिरवणूक खालच्या गावात उतरली. पुढे भोंगा वाजवणारं पिवळं धूड, त्याच्या पायरीवर काळ्या तोंडाचा, टाय लावलेला सरकारी निरीक्षक, हवेत गेज धरून आकडे पुकारतोय, मागे रासबेरीने भरलेले तीन ट्रॅक्टर, त्यामागे बायका, मुलं, कुत्री, आणि शेवटी स्टूल घेतलेले मिलुतीनकाका. चर्चसमोरच्या कॅफेत माणसं उभी राहिली. कुणीतरी टोपी काढली, कारण त्याला वाटलं प्रेतयात्रा आहे. व्लादेताच्या खात्याचे साहेब तिथे सहकुटुंब आइस्क्रीम खात होते. व्लादेताने त्यांच्याकडे पाहिलं, मान लववली आणि म्हणाला, "तीन!"

साहेबांनीही नकळत मान लववली.

शीतगृहापाशी मशीन वळून बाजूच्या माळावर उभं राहिलं आणि ट्रॅक्टर सरळ फाटकातून आत गेले. द्रागिन्याने एक पेटी उघडून वरची रासबेरी बोटांनी दाबली, खाल्ली, डोळे मिटले. "टिकली," ती म्हणाली. मग ती व्लादेताकडे आली, त्याचे दोन्ही गाल धरले आणि रिवाजाप्रमाणे तीन वेळा मुका घेतला. तिचं तोंडही काळं झालं.

खालच्या गावात राडिशाने नवा तेलाचा सेन्सर आणला, तो बसवला, प्लग धुऊन वाळवला. भोंगा बंद झाला, दिवा गेला, इंजिन घड्याळासारखं चालायला लागलं. हवेच्या दाबाचे तीन निर्दोष सेन्सर त्याने पिशवीत परत टाकले आणि म्हणाला, "यांची मी माफी मागायला हवी, दाजी." मग दोघांनी मशीन वर न्यायचं ठरवलं, खड्ड्यासाठी.

गल्लीच्या तोंडाशी लेस्काची माणसं उभी होती. सगळी. हातात राकियाची बाटली, रासबेरीची पेटी, वेरित्साच्या नावाने चीज घालून भाजलेली एक गिबानित्सा, आणि एक निर्णय.

"इन्स्पेक्टर, तुझे उपकार आम्ही विसरणार नाही," द्रागिन्या म्हणाली. "पण तोडणी संपेपर्यंत हे मशीन वर चढणार नाही. एकमताने ठरलंय."

"पण ते दुरुस्त झालंय!"

"ते आम्हाला मान्य आहे. तू दुरुस्त केलंस. म्हणून तर हात जोडून सांगतोय."

व्लादेताने राडिशाकडे पाहिलं. राडिशाने मिलुतीनकाकांकडे पाहिलं. मिलुतीनकाकांनी आकाशाकडे पाहिलं. अपमान असा व्हावा, आणि तो गिबानित्सासकट व्हावा, याचा व्लादेताला पूर्वी अनुभव नव्हता. त्याने पेटी घेतली, बाटली घेतली, आणि चढ चढू लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कुदळ घेऊन अंगणात उभा होता. मशीनने तीन घास घेतलेले तिथे नीट तोंड झालं होतं, एवढा तरी फायदा. मिलुतीनकाका स्टूल घेऊन आलेच. कुदळ कशी धरू नये ते सांगू लागले. थोड्या वेळाने फाटक वाजलं. द्रागिन्या आली, तिचे दोन मुलगे आले, मळ्यावरच्या बायकांचे नवरे आले, प्रत्येकाच्या खांद्यावर फावडं.

"मशीन चढणार नाही म्हटलं होतं," ती म्हणाली. "माणसं चढणार नाहीत असं कुठे म्हटलं?"

खड्डा झाला. शेवटी शेवटी "पुरे आता" असं सगळ्यांचं मत पडलं. व्लादेताने टेप टाकून पाहिला, अजून एक बोट कमी होतं, आणि त्याने एका बोटासाठी सगळ्यांना पुन्हा आत उतरवलं. शिव्या बऱ्याच झाल्या. पण कुणी गेलं नाही.

ग्राट्सची बहीण आली तेव्हा पाहुणचार झाला, खड्ड्याची कथा झाली, अर्थात विषय न काढता. तिने नवं बाथरूम पाहिलं. फरशा पाहिल्या, आरसा पाहिला, पितळी कडीला हात लावून पाहिला. मग तिने नळ उघडला आणि बाहेर येऊन म्हणाली, "सगळं छान आहे, पण पाण्याला जोर नाही."

वेरित्साने डोळे मिटले. मिलुतीनकाका कुंपणाबाहेरून म्हणाले, "फिल्टर."

व्लादेता उठला. त्याने धुतलेला टाय नीट केला, बाह्या दुमडल्या, आणि चेहऱ्यावर त्याला आवरत नव्हता असा आनंद पसरला.

"जोर नाही म्हणजे किती नाही?" तो म्हणाला. "अंदाजाने बोलू नका, ताई. एका सकाळचं काम आहे."

वेरित्सा आत गेली आणि तिने मोठं भांडं चढवलं.